हवा कोणी बघायची?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे सहा वाजले होते. तळोजा फेज वनमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून अंधार होता. आई-बाबा साताऱ्याला निघाले होते, मी बॅगा ठेवायला खाली आलो होतो. बाबांनी गाडी चालू केली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागले, विझले, आणि एक उरला. पिवळा. घोड्याच्या नालासारखी आकृती, मधोमध उद्गारचिन्ह.

"खोटी वॉर्निंग आहे बाबा," मी म्हणालो. "रोज सकाळी येते. बेलापूर येईपर्यंत जाते आपोआप."

तीन आठवडे मी त्याच दिव्याकडे बघत महाप्याला ऑफिसला जात होतो. सकाळी लागायचा, वीस-पंचवीस मिनिटांत विझायचा. पहिल्या दिवशी थांबून टायर पाहिले होते. चारही गोल, टणक, लाथ मारली तर लाथ मारणाऱ्याला लागेल असे. त्यानंतर मी तो दिवा मनातून काढून टाकला. सॉफ्टवेअरवाले हे फार सराईतपणे करतात. रोज येणारी आणि काहीच न बिघडवणारी वॉर्निंग आम्ही वाचतसुद्धा नाही.

बाबांनी गाडी बंद केली. ते तीस वर्षं तळोजा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. प्रेशर गेज, ट्रान्समीटर, अलार्म, हाच त्यांचा धंदा.

"खोटी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "सेन्सर चुकीचा आकडा देतोय, की आकडा बरोबर आहे आणि तुला तो नकोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सकाळी पुढे काय झालं ते सांगतोच. पण नंतरचा महिनाभर मी या दिव्याचा इतिहास वाचत बसलो होतो. तो आधी सांगितला तर बाबांचा प्रश्न नीट कळेल.

टायरमधली हवा बघणं हे पूर्वी माणसाचं काम होतं. आमच्याकडे ते अजूनही दिसतं. एमआयडीसीच्या रस्त्यावर किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर पहाटे उभं राहा. ट्रकचा क्लिनर खाली उतरतो, हातात लोखंडी दांडा किंवा पाना असतो, आणि तो एकेका टायरवर ठोकत गाडीभोवती फिरतो. भरलेला टायर टणत्कार देतो, बसलेला टायर भद्द आवाज देतो. मागच्या जोडटायरमधला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा त्याचं वजन उचलून धरतो. तो कानालाच कळतो.

गाडीत बसणाऱ्यांची सोय वेगळी होती: टायर बसला तर दुसरा लावायचा. त्या दुसऱ्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, आणि हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. १९०४ मध्ये त्यांनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक जादा रिम विकायला काढली. पंक्चर झालं की ती चाकाला बाजूने चिमट्यांनी घट्ट बसवायची आणि पुढे जायचं. इंग्लंडमध्ये तो शब्द आता कोणी वापरत नाही. पनवेलच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा, तो तुम्हाला स्टेपनी काढून दाखवेल.

गाडीनेच स्वतःची हवा बघावी ही कल्पना महागड्या गाड्यांतून आली. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये चाकातला दाब मोजणारी यंत्रणा होती. पण हा दिवा सामान्य गाडीत आला तो श्रीमंतांच्या हौसेमुळे नव्हे. त्यामागे बरीच माणसं मेली आहेत.

९ ऑगस्ट २००० ला फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीला लागलेले होते. उन्हात, वेगात, भरलेल्या गाडीखाली टायरचा वरचा थर सुटत होता आणि गाडी उलटत होती. अमेरिकी सरकारच्या हिशोबात या टायरशी जोडलेले मृत्यू पुढे २७० च्या वर गेले. मग दोन कंपन्यांचं जाहीर भांडण सुरू झालं. फोर्ड म्हणे टायर खराब, फायरस्टोन म्हणे गाडीचं डिझाइन खराब. त्या भांडणाच्या मध्यभागी एक साधा आकडा होता. फोर्डने गाडीवर हवा २६ पीएसआय ठेवा असं लिहिलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं ३० पाहिजे होती.

चार पीएसआयने एवढा काय फरक पडतो? हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि परत फुगते. एखादी तार सारखी वाकवली की गरम होते, तसं ते रबर आणि आतल्या तारा गरम होतात. वेग वाढला की मिनिटाला होणाऱ्या या दाबण्या वाढतात, आणि ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे 'उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटेल' असं छातीठोकपणे सांगणारा काका प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे दोन आहेत. उन्हाने टायरमधला दाब थोडा वाढतो हे खरं, पण टायर तेवढं गृहीत धरूनच बनवलेला असतो. हवा कमी करून आपण त्याला आतून आणखी तापवतो.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००० ला, अमेरिकेत 'ट्रेड' कायद्यावर सही झाली. हवा कमी झाली तर चालकाला गाडीने सांगितलं पाहिजे, असं त्यात आलं. किती कमी झाली की सांगायचं, हे कायद्यात नव्हतं. ते ठरवायला पाच वर्षं गेली, आणि माझ्या 'खोट्या' वॉर्निंगचं मूळ या पाच वर्षांत आहे.

हवा मोजायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकात वॉलच्या मागे एक छोटा सेन्सर असतो, तो दाब मोजून रेडिओवरून गाडीला कळवतो. दुसरा मार्ग स्वस्त आहे. हवा कमी झालेला टायर थोडा चपटा होतो, त्याची त्रिज्या घटते, म्हणून तो बाकीच्या तिघांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतो. एबीएससाठी चाकाचा वेग आधीच मोजला जातो, तो नुसता ताडून पाहायचा. वेगळा सेन्सर नको, बॅटरी नको. एक प्रोग्रॅमर म्हणून मला हा दुसरा मार्ग फार देखणा वाटतो. पण त्याच्या त्या काळच्या रूपात एक भोक होतं: चारही टायर सारखेच बसले तर ताडून पाहायला काहीच उरत नाही. आणि न बघितलेल्या गाडीत नेमकं तेच होतं, महिन्या-दोन महिन्यांत चारही टायर सारखेच उतरतात.

२००२ मध्ये अमेरिकी सरकारने गाडी कंपन्यांना दोन्हीपैकी कुठलाही मार्ग घ्यायची मुभा दिली. ग्राहकांची बाजू मांडणारी पब्लिक सिटिझन ही संस्था कोर्टात गेली, आणि २००३ मध्ये अपील कोर्टाने तो नियम फेटाळला. एप्रिल २००५ मध्ये शेवटचा नियम आला. चारही टायर बघायचे. कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लावायचा, तोही २० मिनिटांच्या आत. आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या छोट्या गाडीत हे असायला हवं. युरोपने पुढे २० टक्क्यांची रेघ ओढली आणि नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारना ती लागू केली.

२५ का? ५ का नाही? कारण ५ टक्क्यांवर दिवा लावला तर तो थंडीत रोज लागेल, आणि रोज लागणाऱ्या दिव्याकडे कोणी बघत नाही. नियम करणाऱ्यांनी ही किरकिर स्पष्टपणे विचारात घेतली होती. म्हणजे हा दिवा उशिराच लागावा असा ठरवून बनवलेला आहे. तो लागतो तेव्हा हवा 'जराशी' कमी झालेली नसते. मी मात्र त्याला उतावळा समजत होतो.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी मला मिलफर्ड हेवनची गोष्ट सांगितली, त्यांच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेली. वेल्समधल्या या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत कंट्रोल रूममधल्या दोन माणसांसमोर २७५ अलार्म वाजले होते. बहुतेक खरेच होते, पण माणसाला २७५ खऱ्या गोष्टी अकरा मिनिटांत ऐकू येत नाहीत. अलार्म किती असावेत, कशासाठी असावेत, याची शिस्त रसायन उद्योगात त्यानंतर लागली. बाबांच्या कंपनीत सारखा वाजणारा अलार्म बंद करायचा तर फॉर्म भरावा लागायचा, कारण लिहावं लागायचं आणि दुसऱ्याची सही लागायची. मी मनातल्या मनात बंद केला होता, सहीशिवाय.

खरोखर खोट्या वॉर्निंगही असतात, त्या नाकारण्यात अर्थ नाही. चाकातल्या सेन्सरची बॅटरी सीलबंद असते आणि साधारण पाच ते दहा वर्षांत संपते. ती बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. अनेक गाड्यांत अशा वेळी दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लुकलुकला तर यंत्रणा बिघडली, सरळ लागला तर हवा बघा. हा फरक मला शोरूममध्ये कोणी सांगितला नव्हता. टायर उतरवताना मशीनचा दणका बसून सेन्सर फुटतो. स्टेपनीत बऱ्याचदा सेन्सर नसतो, म्हणून ती लावली की दिवा लागून राहतो. वेग ताडून बघणाऱ्या गाड्यांत हवा भरल्यावर रिसेटचं बटण दाबायचं असतं. न दाबता टायर बदलला तर खोटी ओरड होते. त्याहून वाईट, हवा कमी असतानाच रिसेट दाबलं तर गाडी कमी हवेलाच बरोबर समजते आणि गप्प बसते.

आणि एक प्रकार माझ्या धंद्यातला. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की चाकातला सेन्सर गाडीशी उघड्यावर बोलतो. ना कुलूप, ना ओळखपत्राची तपासणी. त्यांनी धावत्या गाडीला शेजारच्या गाडीतून 'हवा कमी आहे' असा बनावट निरोप पाठवला, आणि दिवा लागला. हे वाचून मी एक स्वस्त रेडिओ रिसीव्हर लॅपटॉपला लावला, एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला आणि पार्किंगमध्ये बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं आपापला नंबर, दाब आणि तापमान सांगत माझ्यासमोरून गेली. वॉचमनला मी काय करतोय ते समजावता आलं नाही.

पण आपल्याकडे प्रश्न आधी वेगळ्याच ठिकाणी अडला होता: टायर फुटला तर दोष कोणाचा?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आमच्या शेजारी कळंबोलीला सुरू होतो. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला, तेव्हा इथल्या माणसाला पहिल्यांदा ९४ किलोमीटर न थांबता वेगात जाता आलं. टायर मात्र तेच होते, अर्धा तास चालून सिग्नलला गार होणारे. तेव्हापासून 'टायर फुटून अपघात' हे शब्द बातमीत इतके नेहमीचे झाले, की ते कारण आहे की निमित्त, हे कोणी विचारेनासं झालं.

२५ ऑक्टोबर २०१० ला पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला आणि गाडी खोल खड्ड्यात गेली. सहकाऱ्याच्या गाडीतून चाललेला ३८ वर्षांचा एक माणूस जागीच गेला. घरात कमावता तोच होता. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई दिली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचा एक मुद्दा असा, की टायर फुटणं ही देवाची करणी आहे, त्याला माणूस जबाबदार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी हा मुद्दा फेटाळला. देवाची करणी म्हणजे कोणाच्याही हातात नसलेली नैसर्गिक घटना. टायर फुटतो तो अतिवेगाने, हवा कमी किंवा जास्त असल्याने, जुना टायर वापरल्याने, तापल्याने, आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला हा निकाल फार आवडतो. आपल्या बोलण्यात 'टायर फुटला' हे वाक्य कर्त्याशिवाय येतं, तिथे कोर्टाने कर्ता शोधून बसवला.

त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. चालकाने आधी सांगितलं, टायर फुटला. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. आपल्याकडे टायरकडून अशीही खोटी वॉर्निंग घेतली जाते, अपघात झाल्यानंतर.

आणि यंत्राचं काय? भारतात हा सेन्सर सगळ्या गाड्यांना सक्तीचा झाला नाही, तो मागच्या दाराने आला. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. गाडीत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल. डिकीत जागा होते, वजन घटतं, कंपनीचे पैसे वाचतात. वाईट नियम आहे असं मी म्हणत नाही. पण सव्वाशे वर्षांच्या त्या चाकाच्या बदल्यात आपण एक दिवा घेतला आहे, आणि तो दिवा बघायचा असतो हे गाडी विकताना कोणी सांगत नाही. मला म्युझिक सिस्टिम अर्धा तास समजावली होती.

तर ती सकाळ. बाबा वर गेले आणि कपाटातून त्यांचा गेज घेऊन आले. आई गाडीत बसून राहिली, तिला या प्रकाराची तीस वर्षांची सवय आहे. मोबाइलच्या उजेडात आम्ही चारही टायर मोजले. २८, २८, २७ आणि मागचा डावा साडेपंचवीस. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं होतं.

"शेवटची हवा कधी भरलीस?"

डिसेंबरात, पुण्याहून घाट उतरून आल्यावर, पंपावर. मशीनवर ३३ लावलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

बाबा हसले. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. घाट उतरून आलेला टायर पन्नास-पंचावन्न अंशांना तापलेला. त्या तापात ३३ भरली, तर जानेवारीच्या सकाळी सतरा अंशांना ती साडेसत्तावीसच भरते. हे गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. मी इंजिनियर आहे, आणि मला ते पार्किंगमध्ये बाबांनी करून दाखवलं. म्हणजे माझे चारही टायर महिनाभर रेघेच्या जरासे वर होते, आणि ती थंडी दिव्याला लागत होती. माझा अंदाज अर्धा बरोबर निघाला म्हणून मला बरं वाटलं.

"मग हा साडेपंचवीस का?" बाबांनी विचारलं.

त्यांनी आईला वरून भांड्याच्या साबणाचं पाणी आणायला सांगितलं. आई म्हणाली, मी आता उतरणार नाही. मी आणलं. आम्ही गाडी थोडी थोडी ढकलत मागच्या डाव्या टायरवर ते पाणी मारत गेलो. दुसऱ्यांदा ढकलल्यावर खाचेत एक फुगा आला, टाचणीच्या डोक्याएवढा. मोठा झाला, फुटला, परत आला.

सकाळी गार टायरमध्ये हवा रेघेखाली जायची, दिवा लागायचा. वीस मिनिटं चालवलं की टायर तापायचा, दाब दोन पीएसआयने वाढून रेघेवर यायचा, दिवा विझायचा. भोक तिथेच असायचं. मी रोज त्या विझण्याला पुरावा समजत होतो. आणि त्या दिवशी ती गाडी आई-बाबांना घेऊन एक्स्प्रेस वेवर, पुढे खंबाटकीतून जाणार होती. बेलापूरपर्यंतचा माझा पुरावा मी त्यांना अडीचशे किलोमीटरसाठी देत होतो.

मुंब्रा-पनवेल रस्त्यावरचा पंक्चरवाला सातला उघडला. त्याने पकडीने ओढून काढलं ते तारेच्या तुकड्याचं टोक होतं, बोटाच्या पेराएवढं, लोखंडाचे बंडल बांधतात त्या तारेचं. आमच्या रस्त्यावर असे तुकडे रोज सांडतात. त्याने टोचा मारला, पट्टी भरली, थुंकी लावून बघितलं. "कितना मारूं?" त्याने विचारलं. "तेहतीस. लेकिन ठंडे में," बाबा म्हणाले. तो म्हणाला, "काका, सुबह सात बजे ठंडा ही है." दीडशे रुपये झाले.

आठला ते निघाले. दिवा लागला नव्हता. मी वर येऊन झोपायचा प्रयत्न केला, झोप लागली नाही, ऑफिसचा लॅपटॉप उघडला. आमच्या प्रोजेक्टच्या बिल्डमध्ये तेव्हा ३१४ वॉर्निंग येत होत्या.

आईचा फोन साडेबाराला आला. विरमाड्याला थांबलोय म्हणाली, मिसळ तिखट आहे, आणि बाबा पार्किंगमध्ये वाकून टायर बघतायत.